बुडती कंपनी, घेणारा शेठ आणि आपली बचत

मागच्या रविवारी कोपरच्या आमच्या विहारात वंदना आटोपली, चहा झाला आणि एक तरुण मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. शिकलेला, भिवंडीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर काम करणारा, चळवळीच्या प्रत्येक कार्यक्रमाला सतरंज्या घालायला पहिला हजर. "सर, तुम्ही कोर्टातले म्हणून विचारतो," असे म्हणत त्याने एका कंपनीचा शेअर दाखवला. भाव दोन रुपये चाळीस पैसे. कंपनी दिवाळखोरीत, प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात. पण त्याला कुणीतरी सांगितले होते की एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार आहे. एकदा घेतली की दोन रुपयांचा शेअर शंभरावर जाणार. त्याने चाळीस हजार रुपये घातले होते.

"पैसे कुठून आणलेस?" मी विचारले. तो काही बोलला नाही, फक्त मागे वळून पाहिले. मागे भिंतीला टेकून त्याचे वडील बसले होते. कल्याण पट्ट्यातल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे राबलेला माणूस. कारखाना बंद पडला, वर्षानुवर्षे खेटे घालून थोडीफार रक्कम हाती आली, त्यातलेच हे चाळीस हजार. बापाच्या बुडालेल्या कंपनीतून जे वाचले, ते पोराने दुसऱ्या बुडालेल्या कंपनीत नेऊन टाकले!

हा एकाच घरचा किस्सा असता तर मी येथे लिहिला नसता. पण गेल्या पाच-सहा वर्षांत डिमॅट खाते ही आपल्या वस्तीतही नवलाई राहिलेली नाही. पूर्वी आपली पोरे लॉटरीच्या टपरीवर उभी असत, आज मोबाईलवर शेअर बघत असतात. त्यात मला वाईट काही दिसत नाही. भांडवलात आपला वाटा का नसावा? पण भांडवलाच्या खेळात कोण कुठे उभा आहे हे न समजता उतरलो, तर मैदान त्यांचे, नियम त्यांचे आणि हार फक्त आपली.

त्या पोराच्या डोक्यात जी गोष्ट होती ती रुची सोयाची. रुची सोया ही खाद्यतेलाची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१९ मध्ये पतंजलीने ती सुमारे ४,३५० कोटींना घेतली. जानेवारी २०२० मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा भाव सतरा रुपयांच्या आसपास होता, जूनअखेर तो दीड हजारावर गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. जुन्या भागधारकाच्या शंभर शेअरचा एक शेअर केला गेला होता. ज्याच्याकडे हजार होते त्याच्या हातात दहा उरले. आणि जनतेच्या हाती एकूण शेअरपैकी एक टक्काही नव्हता, म्हणून भाव असा उधळला. विकायला माल नाही आणि घ्यायला गर्दी! याला काय कंपनी सुधारली म्हणायचे?

बहुतेक वेळा तर शंभराचा एकसुद्धा उरत नाही. दिवाण हाऊसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल आठवा. निम्नमध्यमवर्गाला घरकर्ज देण्यासाठी १९८४ साली निघालेली मुंबईची कंपनी. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. सुमारे ८७,००० कोटींचे दावे उभे राहिले आणि २०२१ मध्ये पिरामल समूहाने ३४,२५० कोटींना ती घेतली. "पिरामल घेणार" ही बातमी आल्यावर कितीतरी लहान माणसांनी डीएचएफएलचे शेअर घेतले. त्यांना किती मिळाले? शून्य. जून २०२१ मध्ये शेअर बाजारातूनच काढला गेला. ज्यांनी कंपनीत मुदत ठेवी ठेवल्या होत्या, त्यांतल्या दोन लाखांच्या आतल्यांना पूर्ण रक्कम मिळाली, बाकीच्यांना रुपयामागे चार आण्यांहून कमी. उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्य निधीचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये याच कंपनीत अडकले होते. ठेवीदार न्यायालयात गेले, आणि १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिरामलची योजना कायम केली.

यात अन्याय वाटतो, पण कायद्यात हे आधीच लिहिलेले आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ आपल्या प्रत्येक कामगाराने पाठ करावे असे आहे. कंपनी मोडून पैसे वाटायची वेळ आली तर आधी प्रक्रियेचा खर्च. मग एकाच पायरीवर दोघे: तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका आणि कामगारांची शेवटच्या चोवीस महिन्यांची देणी. त्यानंतर कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार. मग बिनतारणाचे सावकार, मग सरकारी कर, मग उरलेली देणी. आणि सगळ्यांची पोटे भरल्यावर पंगतीच्या अगदी शेवटी साधा भागधारक. जिथे बँकेलाच अर्धी भाकरी मिळते तिथे शेवटच्या पानावर काय वाढणार? कंपनी न मोडता कुणी चालवायला घेतली तरी हिशेब याच क्रमाने मनात धरला जातो. म्हणून बुडणारी कंपनी मोठा शेठ घेणार ही बातमी बँकेसाठी चांगली असेल, शेठसाठी चांगली असेल, बुडत्या कंपनीच्या भागधारकासाठी ती बहुधा मृत्यूपत्र असते. जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ ला शेवटचे उडाले. "नवा मालक आला" या आशेवर तिचे शेअर पुढे पाच वर्षे बाजारात हातोहात फिरत राहिले, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

मग मंदीत पैसा करतो कोण? घेणारा. म्हणजे ज्याच्या तिजोरीत मंदीच्या दिवशी रोकड असते तो. शेअर घ्यायचाच तर बुडत्याचा नव्हे, घेणाऱ्याचा अभ्यास करावा, आणि तोही पाच महिन्यांसाठी नव्हे, आठ-दहा वर्षांसाठी.

आपल्या मध्य रेल्वेवरचेच उदाहरण घेऊ. कांजूरमार्गचा क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना लोकलच्या खिडकीतून बघत आपल्या दोन पिढ्या मुंबईला कामाला गेल्या. घरगुती पंखे-दिव्यांचा धंदा २०१६ मध्ये वेगळा झाला. ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी बनवणारी उरलेली कंपनी सीजी पॉवर या नावाने चालली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्या हिशेबातले मोठे गैरव्यवहार बाहेर आले आणि अध्यक्षांना जावे लागले. शेअर घसरत घसरत २०२० च्या टाळेबंदीत पाच रुपयांच्या आसपास आला. कारखाने होते, कसबी कामगार होते, मालाला मागणी होती. नव्हते ते भांडवल आणि विश्वास. अशा वेळी चेन्नईच्या मुरुगप्पा समूहाची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स पुढे आली. आपल्या बापजाद्यांनी चालवलेली हर्क्युलस सायकल बनवणारी हीच ती कंपनी. बँकांशी कर्जाचा तह झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिने सुमारे ७०० कोटी घालून, ८ रुपये ५६ पैसे दराने ताबा घेतला. काही वर्षांत सीजी पॉवर कर्जातून बाहेर आली आणि २०२४ मध्ये तिचा शेअर सातशेच्या वर गेला.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे बुडत्याचा शेअरही शंभरपट झालाच की! झाला. पण हे प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलेच नव्हते, म्हणून जुने शेअर जिवंत राहिले. बाहेरच्या माणसाला २०२० च्या मार्च महिन्यात हे कळणे शक्य नव्हते. शंभर बुडत्या कंपन्यांतून ही एक ओळखणे म्हणजे मटक्याचा आकडा लावणे. उलट ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचे ताळेबंद उघडे होते. कर्ज किती, रोकड किती, आधी कोणते धंदे घेतले आणि त्यांचे काय केले, हे कुणालाही वाचता येत होते. तिच्या भागधारकालाही पुढच्या चार वर्षांत काही पटींनी मिळाले, आणि सीजी पॉवर बुडाली असती तरी सायकल आणि पोलादी नळ्यांचा धंदा त्याच्या पाठीशी होता.

घेणारे सगळेच शहाणे असतात असेही नाही. टाटा स्टीलने २००७ च्या जानेवारीत, बाजार ऐन तेजीत असताना, ब्रिटनची कोरस कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरला बोली लावून घेतली. वर्तमानपत्रांनी भारताने गोऱ्या साहेबाला विकत घेतल्याचे ढोल वाजवले. पुढच्याच वर्षी जगात मंदी आली आणि ते ओझे कंपनीने दीड दशक वाहिले. २०२४ मध्ये वेल्सच्या पोर्ट टॅलबोटमधल्या झोतभट्ट्या विझल्या, हजारो कामगार घरी बसले. त्याच टाटा स्टीलने २०१८ मध्ये दिवाळखोरीतली भूषण स्टील ३५,२०० कोटींना घेतली आणि तो सौदा पचला. घेणारा तोच, माल पोलादच. फरक वेळेचा आणि किमतीचा. स्वस्त म्हणून कसलाही धंदा गळ्यात घेतला तरी तोच घात होतो. वॉरेन बफे याने १९६५ साली स्वस्तात ताब्यात घेतलेली बर्कशायर हॅथवे ही मुळात कापडगिरणी. वीस वर्षे ओढून १९८५ ला तिचे माग त्याला बंद करावे लागले. तो सौदा ही आपली चूक होती असे त्याने स्वतःच नंतर कबूल केले. डीएचएफएल घेतल्यावर पिरामलच्या भागधारकांचीही लगेच चांदी झाली नाही. म्हणून दीर्घ मुदत म्हणायची ती यासाठी, की असा सौदा पचला की नाही हे पाच-सात वर्षांनीच कळते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मंदीच्या दिवशी रोकड असते कुणाकडे? आपल्याकडे ती का नसते?

१९१७ साली बडोद्यातला अपमान गिळून बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, घरी खाणारी तोंडे, हाताला काम नाही. तेव्हा त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. होय, शेअरचाच! सुरुवातीला गिऱ्हाईक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. धंदा बंद पडला, पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावर जगाने वाचावा असा प्रबंध पुढे १९२३ साली याच माणसाने प्रसिद्ध केला. त्या काळी बाजारात त्यांच्याइतके शिकलेले कितीजण होते? पण बाजाराने ज्ञानाची जात विचारली. शेअर बाजार म्हणजे बनियांचा धंदा, आंबेडकरी माणसाने त्याला शिवू नये, असे आपले काही पुढारी भाषणात सांगतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. आपण बाजाराला शिवलो नाही असे नव्हे, बाजाराने आपल्याला शिवून घेतले नाही.

आणि बचतीचे म्हणाल तर मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात जास्त मजुरी होती. नळीचा दोरा तोंडाने ओढावा लागतो, बाट लागेल, म्हणून तिथे आपल्या माणसांना मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला होता. म्हणजे एकाच गिरणीत, एकाच छपराखाली आपल्या आज्याच्या वाट्याला कमी मजुरीचे खाते आले. कमी मजुरी म्हणजे कमी शिल्लक, आणि शिल्लक नसलेला माणूस मंदीत घेणारा होत नाही, भांडी विकणारा होतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढच्या दोन वर्षांत लालबाग-परळच्या चाळींतून काय काय विकले गेले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. त्यातली कितीतरी कुटुंबे डोंबिवली, कोपर, दिव्याकडे सरकली. गिरण्यांच्या जमिनीचे मात्र सोने झाले. मंदीत स्वस्त झालेली गोष्ट शांतपणे धरून ठेवण्याची ताकद ज्याच्याकडे होती, त्याने टॉवर उभे केले.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. आपल्यातले काही जण वैराग्याच्या नावाखाली पैशाविषयी नाक मुरडतात त्यांनी हे सुत्त पुन्हा वाचावे. अर्धी मिळकत धंद्यात घाला असे सांगणारा धम्म गरिबीची पूजा करणारा नाही. पण चौथा भाग आधी हवा. माझ्या मते सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत नाही आणि घरातल्यांचा आरोग्य विमा नाही, अशा माणसाने शेअरला हात लावू नये, मग कंपनी कितीही गुणी असो.

मात्र घेणाऱ्याचा शेअर आपण घेतला म्हणून आपण आपोआप शहाणे ठरत नाही. कंपनी स्वस्तात मिळाली म्हणजे नेमके काय झाले? कुणाचे तरी देणे बुडाले तेव्हाच ती स्वस्त झाली ना? बँकेने सोडले, पुरवठादाराने सोडले, आणि सगळ्यात आधी कामगाराने सोडले. त्याला विचारतो कोण?

कोपरहून धिम्या लोकलने कल्याणला जा, कसाऱ्याकडची गाडी धरा आणि आंबिवलीला उतरा. मोहोन्याला एनआरसी, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, ही आपल्या भागातली एकेकाळची भली मोठी कंपनी. कॉलनी, शाळा, दवाखाना, सगळे गाव कारखान्याच्या भोंग्यावर चालायचे. नोव्हेंबर २००९ मध्ये टाळे लागले. हजारो कामगारांची देणी हा त्यानंतर वर्षानुवर्षे मोर्चे आणि उपोषणांचा विषय राहिला. कितीतरी जण वाट पाहता पाहता गेले. पुढे जमीन अदानी समूहाकडे गेली, आणि २०२५ मध्ये तिथे अंबुजाच्या सिमेंट ग्राइंडिंगचा प्रकल्प आणायचा प्रस्ताव आला तेव्हा जनसुनावणीत मोहोने परिसरातल्या लोकांनी विरोध केला. आधी रोजी गेली, आता श्वास जाणार, असे तिथले लोक म्हणतात. बाजाराच्या भाषेत याला अडचणीतली मालमत्ता म्हणतात. मालमत्तेला कसली अडचण? अडचण माणसांची!

म्हणून त्या दिवशी विहारात पोराला समजावून झाल्यावर मी त्याच्या वडिलांकडे वळलो. त्यांच्या कारखान्याचे नाव येथे लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

"भाऊ, कंपनी एनसीएलटीत गेल्याचे ऐकतो. दावा भरला का?"

"कसला दावा, साहेब? आपली लेबर कोर्टात केस आहे ना."

इथेच आपला माणूस मार खातो. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की कलम १४ खाली स्थगिती येते, कंपनीविरुद्धचे चालू खटले जागच्या जागी थांबतात. लेबर कोर्टाची तारीख पडत राहते आणि आपण समजतो केस चालू आहे. इकडे जाहीर सूचना निघते, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात, बारीक टायपात. चौदा दिवसांत दावा द्या म्हणते. चुकले तर प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवसांपर्यंत तरी दार उघडे असते. त्यानंतर योजना मंजूर झाली की जे दावे तिच्यात नाहीत ते संपले, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केले आहे. नव्या मालकाला पाटी कोरी मिळते. कामगाराने दावा न भरणे म्हणजे नव्या मालकाला आपल्या घामाची सूट देणे.

दावा भरणे अवघड नाही. एकट्या कामगारासाठी फॉर्म डी, सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधीने भरायचा तो फॉर्म ई. युनियनलाही कामगारांच्या वतीने दिवाळखोरी प्रक्रियेत उभे राहता येते, हे ३० एप्रिल २०१९ रोजी कानपूरच्या जे. के. ज्यूट मिलच्या मजदूर मोर्चाने सर्वोच्च न्यायालयातून मिळवले. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा पैसा तर कंपनीच्या वाटणीत धरायचाच नाही, असे कलम ३६ सांगते आणि १९ एप्रिल २०२२ च्या एबीजी शिपयार्डच्या निकालाने ते पक्के झाले. जेट एअरवेजच्या कामगारांनी हाच मुद्दा लढवून अपील न्यायाधिकरणातून आदेश मिळवला होता. हे सगळे हक्क आहेत, पण मागणाऱ्यासाठी आहेत.

आता कुणी विचारेल, वकीलसाहेब, एका हाताने शेअर घ्यायला सांगता आणि दुसऱ्या हाताने दावा भरायला सांगता, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? मी कामगाराच्याच बाजूचा आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधी संघटना आपल्या नव्या ठेवीतला काही हिस्सा निफ्टी आणि सेन्सेक्सच्या फंडात घालते. त्या निफ्टीत टाटा स्टील आहे, बिनानी सिमेंट घेणारी अल्ट्राटेक आहे, भूषण पॉवर घेणारी जेएसडब्ल्यू स्टील आहे. म्हणजे पगारातून पीएफ कापला जाणारा प्रत्येक कामगार या घेणाऱ्या कंपन्यांचा छोटासा मालक आधीच आहे! फक्त त्याला ते कुणी सांगितले नाही, आणि त्याच्या वतीने भागधारकांच्या सभेत कुणी प्रश्न विचारत नाही. एलआयसीच्या पॉलिसीचेही तेच. विमा हा सरकारचाच मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढाचा विमा सक्तीचा असावा, असे बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडले होते, ते लोकांची बचत लोकांच्या कामी यावी म्हणून. आज ती बचत एकत्र तर झाली आहे, पण तिला तोंड नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ज्याला परवडते त्याने घेणाऱ्या कंपनीचे थोडे शेअर जरूर घ्यावेत आणि मालकासारखे वागावे. वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पुढची गुळगुळीत चित्रे सोडून मागच्या टिपा वाचाव्यात. तिथे आकस्मिक देण्यांची टीप असते, तिच्यात कोर्टात अडकलेली कामगारांची देणी बहुधा एखाद्या ओळीत दडलेली असतात. घेतलेल्या कंपनीतले किती कामगार कामावर ठेवले, कारखाना चालवला की जमीनच विकली, हे विचारावे. ज्याने कारखाना चालवला त्याचा सौदा आणि ज्याने फक्त जमीन चाखली त्याचा सौदा मी एका तराजूत तोलणार नाही, परतावा दुसऱ्याचा जास्त असला तरी. सम्यक आजीविकेचा प्रश्न नोकरीपुरता नसतो, गुंतवणुकीलाही तो लागू आहे. यावर आमच्या काही मित्रांचे म्हणणे पडते की शेअर घेतला की माणूस भांडवलदाराचा होतो. असेलही. मी पाहिलेले कामगार पुढारी शेअर न घेताही मालकाचे झालेले आहेत.

आणि बंद पडलेल्या गिरणीच्या जमिनीवर फक्त शेठच हक्क सांगू शकतो असे कुणी म्हणत असेल तर त्याने दादरला जावे. इंदू मिल ही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मरून पडलेली गिरणी. ६ डिसेंबर २०११ ला आंबेडकरी कार्यकर्ते आत घुसून बसले. वर्षभरात केंद्राला साडेबारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याची घोषणा संसदेत करावी लागली. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले.

मंगळवारी संध्याकाळी त्या भाऊंच्या घरी गेलो. खोली लहान, म्हणून जिन्यावरही माणसे बसली होती. नव्वद दिवसांतले एकोणीस दिवस उरले होते. जुने ओळखपत्र, शेवटची पगाराची चिठ्ठी, पीएफच्या पावत्या, लेबर कोर्टातल्या अर्जाचा क्रमांक, कुणाकडे एक आहे, कुणाकडे दुसरे. एका बाईंनी नवऱ्याचे मृत्यूचे प्रमाणपत्र आणि पितळी हजेरी बिल्ला आणला होता. वारसांनाही दावा करता येतो हे त्यांना त्या दिवशी कळले. तो तरुण जमिनीवर मांडी घालून एकेकाची नोकरीची वर्षे आणि रक्कम वहीत मांडत होता, मग मोबाईलवर कागदांचे फोटो काढत होता. त्याच्या शेअरचे विचारले तर म्हणाला, "सर, रोज सकाळी सव्वानऊला विकायला लावतो. लोअर सर्किट लागलेलं असतं, घेणारच कुणी नाही." भाव एक रुपया नव्वदवर आला होता. रात्री साडेदहाला उठलो तेव्हा वहीत एक्केचाळीस नावे झाली होती. टिटवाळ्याचे बारा जण यायचे बाकी आहेत, त्यांना येत्या रविवारी विहारात बोलावले आहे.